गवताखालचं सासर

वेल्समधली एक जुनी दफनभूमी सपाट करून तिथे कार पार्क बांधणार होते. मेलेल्यांची उघड लूट! मी फाटकापाशी विरोधाच्या सह्या गोळा करत होते.

धुक्यातून एक मराठी मावशी आल्या, आणि दगडही नसलेल्या एका थडग्याच्या ओल्या गवताला त्यांनी हळदीकुंकू वाहिलं. त्यांच्या वेल्श नवऱ्याची खापरपणजी होती तिथे. जनगणनेत, दफनाच्या नोंदींत मावशींनीच शोधून काढलेली, लेकराबाळांसकट.

“एवढं कशासाठी, मावशी?”

“अगं, जिवंत सासरचं कुणी लग्नाला आलं नाही. म्हटलं, जरा जुने शोधू.”

त्या जिवंत सासरच्यांवर मी संतापले. त्या हसल्या. सही केली, मग डोक्यावरचा स्कार्फ पदरासारखा नीट करून गवताशी वाकल्या.

“येते हं, सासूबाई. कुठे जाऊ नका.”