लांगीचा स्विच

शेडमध्ये वायर उंदराने कुरतडली तरी लोक लांगीच्या नावाने ओरडत, आणि वीज गेली तरी लांगीच्याच. ऑकलंडमध्ये दुकानांची यंत्रं जोडून पोट भरणारी ही बाई आईच्या आजारपणात सामोआला गावी परतली. आई गेली, तरी समुद्राकाठीच राहिली. मग मासळीच्या शेडचे मालक, तिचे फुइमाओनो मामा, यांनी तिला घरचा खांब समजून सगळा भार तिच्यावर टेकवला.

त्या दिवशीचा भार वजनकाट्याचा होता. नव्या गिऱ्हाइकाच्या हट्टापायी तिने काट्याची आणि ऑफिसची यंत्रं वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये घातली होती. आता काट्यावरचं वजन ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत पोचेना. लेबल नसेल तर विमानतळ खोकं घेत नाही, आणि रात्रीचं विमान चुकलं तर सगळा टूना वाया. उपाय हाताशी होता. दोन्हींमध्ये वाट करून देणारं राउटिंग, सगळ्या यंत्रांच्या वायरी ज्यात येतात त्या स्विच नावाच्या छोट्या डबीतच निजलेलं होतं. लांगीने ते चालू केलं. स्विच म्हणाला, आधी मला बंद करून पुन्हा सुरू करा.

तिथेच घोडं अडलं.

"बंद करू का रे?" तिने काट्याकडे हाक मारली.

"आत्ता नको गं बाई!" इओसेफो ओरडला. "होडी लागलीय. काटा मेला तर मासे काय हातावर तोलू?"

ऑफिसात मामेबहीण सेफिना. "ताई, विमानाचे कागद जातायत. हात लावलास तर बघ."

"अगं, लेबलांशिवाय कागद काय चाटायचेत?"

"ते तुझं काम."

मामा शहाळं पीत बसले होते. "पोरी, बंद केल्याने यंत्र सुधारतं, हे मी आजवर ऐकलं नाही."

"मामा, तुम्ही नाही का दुपारी झोपून उठल्यावरच माणसात येता?"

सेफिना फिसकन हसली. मामा हसले नाहीत.

ऊन कलंडलं. वजनं काट्याच्या पोटात साठत राहिली, खोकी बिननावाची बसून राहिली. लांगी दर थोड्या वेळाने विचारी, आणि दर वेळी कुणीतरी म्हणे, जरा थांब. तिने मनातल्या मनात ऑकलंडचं तिकीट काढलं.

मग गावात पहिला शंख वाजला. सा, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ, जवळ आली. दुसऱ्या शंखाला घरोघरी प्रार्थना, तोवर सगळं काम टाकायचं. इओसेफोने हातमोजे काढले, सेफिना उठली. दिवसभरात पहिल्यांदाच कुणाला कशाची घाई नव्हती. लांगीने कुणालाही न विचारता स्विच बंद केला, सुरू केला, आणि शेडमागे मामांच्या घरी चटईवर जाऊन बसली.

मामांची प्रार्थना लांबलचक. समुद्र झाला, होड्या झाल्या, परदेशातली भाचरं नावानिशी झाली. ते पावसाकडे वळले, इतक्यात शेडमध्ये प्रिंटर खडखडला. एक लेबल. दुसरं. मग दिवसभराची वजनं एकदमच मोकळी सुटली. सा कुणी मोडत नाही ना म्हणून रस्त्यावर पहारा देणाऱ्या पुरुषांनी माना वळवल्या. मामांनी आवाज चढवला. प्रिंटर काही ऐकेना. शेवटी त्यांनी दार आपटावं तसं "आमेन" म्हटलं.

खोकी विमानाला पोचली. सा मोडली म्हणून गावसभेने मामांना दंड केला: डबाबंद मासळीची दोन खोकी.

"शेड भरून टूना माझा, आणि मी दुकानातून डब्यातला बांगडा विकत आणू?" मामा गरजले.

"आणा की," लांगी म्हणाली. "दुपारीच बंद करू का म्हणून विचारत होते मी."