पहिल्या भागात ऐकू आलेली आमची अक्का

सुरुवातीलाच सांगतो, हे वाचून कुणी मला उतारा, ताईत किंवा एखाद्या महाराजांचा पत्ता पाठवू नये. मी जळगावला कोर्टात लघुलेखक होतो. माणसं शपथ घेऊन काय काय बोलतात ते टिपण्यात उभी नोकरी गेली. जिवंत माणसांवरच माझा विश्वास बेताचा, मेलेल्यांपर्यंत मी कधी पोचलोच नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो – पांढरी साडी, पैंजण, ओसाड विहीर... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. रविवारची सकाळ होती, बाहेर लख्ख ऊन होतं आणि हॉल माणसांनी भरलेला होता. मला भीती वाटली नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझी मोठी बहीण सुमन, आमची अक्का, धुळ्याला देवपुरात दिलेली. दाजी स्वभावाने गरीब, शाळेत क्लार्क. घरात चालायचं ते त्यांच्या मोठ्या भावाचं, नानांचं. नाना ठेकेदार. दारात जीप, जीपला सुकदेव नावाचा ड्रायव्हर, आणि गल्लीत काहीही झालं तरी नारळ फोडायला नाना. गल्लीत पहिला टीव्ही त्यांनीच आणला. लाकडी शटरचा, कुलूपवाला. त्याच सुमाराला ती कौटुंबिक मालिका सुरू व्हायची होती. मालिकेचं नाव लिहीत नाही, तिचे चाहते फार हळवे असतात. एकत्र कुटुंब, प्रेमळ थोरला भाऊ, सगळे एका ताटात जेवणारे – एवढं सांगितलं तरी ओळखाल.

नानांनी पहिल्या भागालाच टीव्हीचं उद्घाटन करायचं ठरवलं. गल्लीत घरोघर आमंत्रण गेलं. टीव्हीला हार, वर हळद-कुंकू, समोर सतरंजी, मागे बाकडी. आलेल्या प्रत्येकाला चहा. आता एवढ्या माणसांचा चहा कोण करणार? अक्का. टीव्ही ओसरीत, अक्का मागे स्वयंपाकघरात, आणि मधल्या खोलीत दाजी झोपलेले. त्यांना दुपारपासून बरं वाटत नव्हतं.

पहिला भाग संपला तेव्हा दाजी गेलेले होते.

आम्हाला जळगावला फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा गोष्ट तयार होती. सुतकातच ती गल्लीत तोंडपाठ झाली होती – "नवरा आत तडफडत होता आणि ही टीव्हीसमोर बसली होती." अक्काच्या सासूबाईंनी ती सांगितली, नानांनी मान डोलावली, आणि त्या ओसरीत बसलेल्या एकाही माणसाने "असं नव्हतं हो" म्हटलं नाही. अक्का सांगायची, "मी दोनदा बाहेर आले होते. नानांना म्हटलं, जीप काढा. ते म्हणाले, थांब." तिचं कोण ऐकणार? ती एकटी, आणि समोर गल्ली.

वर्षभराने मी तिला जळगावला आणलं. इथे तिने शिवणक्लास काढला. पण खान्देश एवढासा. असोद्याच्या लग्नात, बस स्टँडवर, दळण आणायला गेली तरी कुणीतरी कुजबुजायचं – ती हीच, सिरियलवाली. तेव्हापासून तिने आमच्या घरात टीव्ही लागला की उठून आत जायचं ठेवलं होतं.

पंच्याण्णवच्या आसपास देवपुरातून आमंत्रण आलं. छापील, सोनेरी काठाचं. तोवर घरोघर केबल आली होती, जुन्या मालिकांच्या आठवणींनी लोकांचे डोळे भरून यायला लागले होते. गल्लीच्या मित्र मंडळाने ठरवलं होतं की त्या मालिकेचा पहिला भाग सगळ्यांनी पुन्हा एकत्र बसून बघायचा, आणि 'त्या ऐतिहासिक दिवशी उपस्थित असलेल्या सर्व रसिकांचा' शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. टीव्ही बघितल्याबद्दल सत्कार! अध्यक्ष अर्थातच नाना. यादीत अक्काचंही नाव होतं.

मी ते पत्र फाडायला निघालो होतो.

"थांब," अक्का म्हणाली. "आपण जाऊ."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अरे, मी तो भाग बघितलाच नाही कधी. ज्याच्यापायी दहा वर्षं बोलणी खाल्ली तो बघू तरी, एवढं काय होतं त्यात." मग शिवणाचा दोरा दाताने तोडून म्हणाली, "आणि सगळे एका जागी असतील. नानांना तोंडावर विचारते. एकदा सगळ्यांसमोर खरं बोलले तर पुरे. मला दुसरं काही नको त्यांच्याकडून."

गेलो. शाळेचा हॉल, स्टेजवर मोठा कलर टीव्ही, त्याला झेंडूचा हार. खाली व्हीसीआर, त्यालाही छोटा हार. नानांनी टीव्हीसमोर नारळ फोडला. मग अर्धा तास ते बोलले. नाना माईकवर आले की त्यांचं अहिराणी गायब व्हायचं आणि तोंडातून अग्रलेख यायचा. "कौटुंबिक मूल्यांची जी जोपासना या मालिकेने केली... थोरल्याने धाकट्याला सावरावे, हा जो संस्कार..." मी अक्काकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती, अजून तो लागलाही नव्हता.

कॅसेट जळगावच्याच एका व्हिडिओ लायब्ररीतली होती, मुंबईहून कॉपी करून आणलेली. हे सांगतो कारण पुढे महत्त्वाचं आहे – त्या कॅसेटचा देवपूरशी काडीचा संबंध नव्हता. आणि टीव्हीवरून रेकॉर्डिंग करताना खोलीतले आवाज टेपमध्ये येत नाहीत, हेही ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो.

शीर्षकगीत लागलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग पहिला प्रसंग, दुसरा... गल्ली खूश. "अरे, हा किती तरणा दिसतो!" "ते बघ, ते बघ, आता ती पडणार." अक्का मान किंचित पुढे करून, शाळेतल्या मुलीसारखी बघत होती. एका विनोदाला हसलीसुद्धा.

मग पडद्यावर सगळं कुटुंब जेवायला बसलं आणि थोरला भाऊ काहीतरी समजावून सांगायला लागला. त्याचे ओठ हलत होते. पण हळूहळू त्याचा आवाज बारीक होत गेला आणि त्याच्याखालून दुसरेच आवाज वर यायला लागले. कपबशांचा. बाकडं सरकल्याचा. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, हॉलमध्येच कुणीतरी चहा वाटतंय. वळून बघितलं तर कुणी नव्हतं.

आणि टीव्हीच्या स्पीकरमधून माझी बहीण बोलली.

"नाना, यांना दम लागतोय. जीप काढायला सांगा ना."

आमच्या घरचं शाळामास्तरी मराठी, तिच्या सासरी बठ्ठे, म्हणजे सगळे, अहिराणी बोलणारे. त्या घरात असं बोलणारी एकटी तीच होती. दहा वर्षांपूर्वीचा, तरुण, घाबरलेला आवाज. आणि अक्का माझ्या शेजारच्या खुर्चीत तोंड मिटून बसलेली.

लगेच दुसरा आवाज आला. स्टेजवर शाल पांघरून बसलेल्या माणसाचा, पण अग्रलेखातला नव्हे, घरातला –

"थांब व माय जराशी, हाऊ भाग सरू दे. गॅस व्हयना व्हई त्याले, सोडा दे."

हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती, असं लिहिणार होतो. पण खरं सांगायचं तर लोक माना खाली घालून आपापल्या चपलांकडे बघत होते. जे ऐकतोय ते काय आहे, हे मला सोडून सगळ्यांना कळलं होतं. मला कळायला दोन क्षण जास्त लागले, कारण मी त्या दिवशी तिथे नव्हतो.

पडद्यावरचा थोरला भाऊ धाकट्याला घास भरवत होता. पुन्हा अक्काचा आवाज, आता जवळून – "नाना, ते पडले हो खाली! सुकदेव, तू तरी ऊठ!"

आणि त्यावर उत्तर आलं ते एकाचं नव्हतं. ओसरीभर बसलेल्या माणसांचं होतं. बायका, पुरुष, सगळ्यांनी मिळून, सिनेमात मधेच बोलणाऱ्याला करतात तसं –

"शूऽऽऽ!"

त्या 'शू'च्या मागून, खूप आतून, पुरुषाचा आवाज आला. बसलेला, ओढलेला. "सुमन..."

माझ्या शेजारची अक्का खुर्चीतून अर्धी उठली. "आले, आले हो," म्हणाली. मोठ्याने. स्वयंपाकघरातून म्हणावं तसं.

मग कुटुंबाचं जेवण संपलं, संगीत वाजलं आणि थोरल्या भावाचा मूळ आवाज परत आला, जणू काही झालंच नव्हतं.

नाना उठले. माईकला दोनदा टिचकी मारली. "कॅसेट जरा खराब आहे. रसिकांनी सहकार्य करावे."

"खराब नाही," अक्का म्हणाली. ती आता पूर्ण उभी होती. "नाना, मी जीप मागितली होती की नाही? एवढंच सांगा. हो की नाही?"

"सुमनबाई, हा आनंदाचा प्रसंग आहे..."

"हो की नाही?"

"मला काही ऐकू आलं नाही," नाना म्हणाले. मग हॉलकडे वळून, "तुम्हाला आलं का कोणाला?"

मी कोर्टात फुटलेले साक्षीदार पुष्कळ पाहिले. एकेकटे फुटतात, घाम पुसतात, वकिलाकडे बघतात. पण हॉलभर माणसं एकाच वेळी, कुणी न शिकवता फुटताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली. काहींनी तर कपाळाला आठ्या घालून, कशाबद्दल चाललंय असा चेहरा केला.

एकच बोलली. समोरच्या घरातली शेवंताबाई, सत्तरी ओलांडलेली. "खोटं कसाले बोलतस रे नाना? बठ्ठास्नी ऐकं. तवय बी ऐकं, आते बी ऐकं!"

तिच्या सुनेने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांनी, बहुधा सवयीने, तिला "शूऽऽ" केलं.

तो आवाज आणि टीव्हीतला आवाज यात काहीही फरक नव्हता. त्या क्षणी मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. एक खुर्ची मी ढकलली हे मान्य करतो. व्हीसीआरवाल्याच्या मानगुटीवर बसून मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावायला लावली. जेवणाचा प्रसंग आला... थोरला भाऊ बोलला, धाकट्याने घास खाल्ला, सगळे हसले. कपबशी नाही, अक्का नाही, दाजी नाहीत. मालिका, फक्त मालिका.

"बघा," नाना म्हणाले आणि सत्काराला पहिलं नाव पुकारलं. लोक उठले, शाली घेतल्या, फोटो काढले. अक्काचं नाव आलं तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो.

मला वाटलं होतं, बसमध्ये ती रडेल. ती खिडकीशी बसली. पारोळा आल्यावर म्हणाली, "त्यांनी हाक मारली होती. मला तेव्हा ऐकूच आली नव्हती रे. या लोकांच्या आवाजात." एवढंच. मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघणं मला जमेना.

लायब्ररीवाल्याकडून मी ती कॅसेट मागून आणली. घरी दहादा लावली, वेगवेगळ्या व्हीसीआरवर लावली, एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतली. तो म्हणाला, यात एकच आवाज आहे आणि तो मूळचाच आहे. सामूहिक भास, दबलेली अपराधी भावना – पुस्तकं मीही वाचली आहेत, कृपया पाठवू नयेत. अपराधी भावना त्यांना होती असं धरलं, तरी मला कसली होती? मी दाजींची ती हाक कुठून ऐकली? मी जळगावात होतो.

महिनाभराने आमच्या दारात जीप थांबली. सुकदेव उतरला. केस पिकले होते. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"नानांनी ती कॅसेट मागी शे," तो म्हणाला.

"कशाला?" मी विचारलं. "त्यांना तर काही ऐकू आलं नव्हतं. चांगली मालिका आहे म्हणून?"

अक्का आतून आली. त्याने तिला बघितलं आणि टोपी काढली. "अक्का, चावी मना खिशामा व्हती. मी उठाले लागनू, नानांनी डोयाघाई खूण करी, बठ. मी बठी गऊ."

"हे त्या दिवशी हॉलमध्ये का नाही बोललास?" माझा आवाज चढला. "दहा वर्षं का नाही बोललास?"

"नोकरी शे ना साहेब," तो म्हणाला.

मी त्याला हाकलणार होतो. अक्काने कपाटातून कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. "नेऊन दे. त्यात काही नाही म्हणावं. नीट बघा म्हणावं, शेवटपर्यंत."

तो आवाज त्या कॅसेटमधून कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि कुणी देऊ केलं तर मी ते तपासून घेईन. कॅसेट परत आली नाही. दोनेक वर्षांनी सुकदेव बाजारात भेटला. नाना अजून सगळ्या मालिका बघतात, म्हणाला. फक्त आवाज पूर्ण बंद करून बघतात, आणि घरात कुणाला वाढवू देत नाहीत.

मला हे ऐकून बरं वाटलं. अजूनही वाटतं.