तेरखेड्याच्या फटाक्यांची पेटी

दुपारपासून लिहितो-लिहितो म्हणत टाळतोय. आपलं कॉलेज आज शेवटची फुटबॉल मॅचही हरलं. या वर्षी एकही जिंकलो न्हाय.

पहिली मॅच जिंकली की फोडायचे म्हणून कॅप्टन सोहेलनं तेरखेड्याहून फटाके आणलेले. पेटी सांभाळायचं काम माझं. कॉलेज मी कधीच सोडलंय, पण टीमसोबत भटकायची सवय सुटत न्हाय.

आज सोहेल म्हणाला, "फोडून टाक सगळे. म्या फुटबॉल सोडला." तडक निघून गेला. फोन बंद.

तवापासून मैदानातच येरझाऱ्या घालतोय. दोनदा काडी ओढली, दोनदा विझवली. फटाके फोडले तर टीम संपलीच की! तुम्ही काय केलं असतं?

थांबा, सोहेल परत आलाय. लांबूनच ओरडतोय, "पेटी हाय का रे अजून?"