पुस्तकावरची डहाळी

कॅसलरॉक स्टेशनावर मी तारबाबू होतो, तेव्हा बोगदादुरुस्तीच्या टोळीतला एक मजूर रोज दुपारी माझ्या दाराशी उकिडवा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांवरची एक गाजलेली विलायती कादंबरी मी वाचत होतो आणि ती त्याला आपल्या बोलीत सांगत होतो.

माणसं पिंजऱ्यात बसून जमिनीच्या पोटात उतरतात, हे ऐकून तो दचकला.

"उतरायच्या आदी राखणदाराला डहाळी ठेवत्यात न्हवं?"

"तिकडं तशी रीत नाही."

तो घाबराघुबरा उठला. रानात शिरताना इथली माणसं राखणदार देवासाठी वाटेवर ठेवतात, तशी एक ओली डहाळी तोडून त्यानं पुस्तकाच्या उघड्या पानावर ठेवली. मग रोज ताजी आणू लागला.

एका दुपारी तो धावतच आला. बोगद्यात दरड कोसळली होती आणि आता त्याची टोळी आत जाणार होती.

"खाणीतली समदी वर आली न्हवं, बाबू?"

माझ्यापुढच्या पानावर खाण नुकतीच ढासळली होती.

"आली," मी म्हणालो.

त्यानं डहाळी उचलून कपाळाला लावली.

"मग त्यास्नी आता ही नको. मी न्हेतो."

आणि तो बोगद्याकडं चालू लागला.