हिरव्याला हिरवा

सदर इसम नामे निंबा सुकदेव बोरसे, वय अंदाजे सत्तेचाळीस, मूळ राहणार तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम पांडेसरा, सुरत. बांधा मध्यम, वर्ण सावळा, स्वभाव निरुपद्रवी. व्यवसाय : डाइंग मिलमध्ये शेड-मॅचिंग. दृष्टी : उत्तम. एकंदर शेरा : उपयुक्त.

१९९६ साली मिलच्या ऑफिसात कोणी चौकशी केली असती, तर निंबाबद्दल साधारण एवढं सांगण्यात आलं असतं. गेल्या दिवाळीपासून त्याला मेंदी आणि कॉफी यांतला फरक कळेनासा झाला होता, हे ऑफिसाला ठाऊक नव्हतं.

मेंदी आणि कॉफी हे साड्यांचे रंग. एक हिरवट, एक तपकिरी. पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, पाठवलेल्या नमुन्याशेजारी रंगवलेल्या कापडाची चिंधी धरायची, उजेडात न्यायची आणि 'चालू द्या' किंवा 'थांबा' म्हणायचं, हे निंबाचं काम. त्याने 'चालू द्या' म्हटलं की मागे अख्खा लॉट रंगत असे. बाकी सगळे ओझी उचलत, वाफेत भाजत. निंबा नुसता बघत असे आणि त्याचे पैसे घेत असे. याबद्दल त्याला थोडा अभिमान होता. तो आता अंगाशी आला होता.

दिवाळीपासून त्याचं निभावलं ते रामजीमुळे. रामजी शेजारच्या बमरोलीचा, रंगाच्या मशीनवर होता. निंबा चिंधी त्याच्यापुढे धरून म्हणायचा, "बघ रे रामजी, तुझी परीक्षा."

रामजी म्हणायचा, "लाल मारतोय जरा. लाली कमी पाहिजे."

"शाब्बास. शिकलास."

परीक्षा कुणाची चालली आहे हे दोघांनाही माहीत होतं. रामजी सहा महिने पास होत राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, नस सुकत चालली आहे, तंबाखू बंद करा. "मग पहिल्यासारखं होईल?" असं निंबाने विचारल्यावर डॉक्टर म्हणाला, "बघू." निंबाने तंबाखू सोडली आणि 'बघू' हे आश्वासन समजून घरी आला. बायकोला, सरलाबाईंना, त्याने नस सुकल्याचं सांगितलं. मुलांना सांगू नको म्हणाला, म्हणून त्यांनी ते दोन्ही मुलांना सांगितलं.

वैशाखाच्या तोंडाशी रामजीला वापीला जास्त पगाराचं काम लागलं. जाताना तो म्हणाला, "निंबाभाऊ, आता डाइंग मास्टरला सांगून टाक. घडी खात्यात जागा रिकामी आहे. पगार कमी, पण साड्यांना घड्या घालायला रंग कशाला ओळखायला लागतो?"

"आखाजी होऊन जाऊ दे," निंबा म्हणाला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशी माणसाला दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकून चालत नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि वर्षभर जुगाराला नावं ठेवणारे सभ्य पुरुष त्या दिवशी उघड्यावर पत्ते कुटतात. सरलाबाईंनी मात्र घरात पत्त्यांना बंदी केली होती. त्याऐवजी बोरशांकडे तुकडे खेळत.

हे तुकडे निंबाने जुन्या बाजारातून आणले होते. लाकडी खोका, आत चौकोनी चकत्या, कुठल्यातरी साहेबाच्या घरातून निघालेल्या असाव्यात. प्रत्येक चकतीला चार बाजू, चार रंग : हिरवा, तपकिरी, पिवळा, निळा, उलटसुलट. नियमांचा कागद वाळवीने आधीच वाचून संपवला होता, त्यामुळे घरानेच नियम केले. हिरव्याला हिरवा लावायचा, पिवळ्याला पिवळा. हातातल्या चकत्या ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. चहा उकळेपर्यंत डाव आटोपायचा.

निंबाने मनाशी ठरवलं होतं : आखाजीला एकही तुकडा चुकला नाही, तर नस सुधारली. मग घडी खातं नको. चुकला, तर मास्टरसमोर उभं राहायचं. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

सरलाबाईंच्या माहेरची एक समजूत होती. आखाजीच्या दिवशी घरातला कर्ता हरून उठला, तर वर्षभर हरतच राहतो. हीही त्यांनी मुलांना सांगून ठेवली होती.

लेक रंजना बारडोलीहून सासरची परवानगी आणि पुरणासाठी गूळ घेऊन आली. मुलगा लखन याने लूमवरून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, सुट्टी काढली. चौघं खोक्याभोवती बसले. निंबाने दुसऱ्याच फेरीला हिरव्याला तपकिरी लावला आणि मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

लखन म्हणाला, "पप्पा, आ तो—"

सरलाबाईंनी त्याच्या मांडीला चिमटा घेतला. "उगी ऱ्हाय."

"काय शे?" निंबाने विचारलं.

"डास," लखन म्हणाला.

"बराबर लावलं ना मी?"

"बराबर शे," रंजना म्हणाली, आणि त्याच चकतीच्या पिवळ्या बाजूला आपली पिवळी बाजू मुकाट्याने लावून मोकळी झाली.

निंबा तो डाव जिंकला. मग दुसरा. तिसऱ्याला तो मोठ्याने हसला. "माले समदं दिसस!"

"दिसस तं दिसस. च्या पी ल्या," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलं. वर्षाची काळजी मिटली होती.

दुसऱ्या दिवशी निंबा कामावर गेला तेव्हा मास्टरने आपणहून विचारलं, "निंबाभाई, घडीखातामां जवुं छे? रामजी म्हणत होता."

"रामजीला काय कळतं?" निंबा म्हणाला. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

लग्नसराईचा मेंदीचा मोठा लॉट आला. निंबाने चिंधी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "चालू द्या." तयार झालेलं कापड पार्टीने पाहिलं आणि आल्या टेम्पोने परत पाठवलं. मास्टरने कापडाचं ठाण त्याच्यापुढे उलगडलं.

"आ कयो कलर छे?"

"मेंदी."

मशीनवरची माणसं काम सोडून दुसरीकडे पाहू लागली. कॉफी होती.

निंबा दुपारीच घरी आला. आखाजीला आलेली रंजना माहेरपण आटोपून परत जायला निघाली होती, पिशवी दारात होती. त्याने बसत विचारलं, "त्या दिनले मी कितला चुकनू?"

"एखादा, पप्पा," रंजना म्हणाली.

"दर डावाला," लखन म्हणाला. या वेळी त्याला कोणी चिमटा घेतला नाही.

"मग मी जिंकनू कसा?"

सरलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. रंजना उंबऱ्यात उभी राहून रडली, आणि बारडोलीची गाडी चुकली.

मिलने सदर इसमास प्रकृतीच्या कारणास्तव, राजीखुशीने, कामावरून मुक्त केले आणि त्याच्या दीर्घ सेवेची नोंद घेतली. निंबाने पांडेसऱ्याच्या रस्त्यावर भाजीची हातगाडी लावली. पहिल्या आठवड्यात बायका कच्चे टमाटे परत घेऊन आल्या. आता तो फक्त कांदे-बटाटे विकतो.