मास्तरांनी कागद उचलले

मास्तर शिंपी होते आणि उभ्या आयुष्यात त्यांचं कधी चुकलं नव्हतं. निदान त्यांच्या तोंडून तरी तसं कोणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, कोट काखेत धरतोय, तर मास्तर चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "कोट बरोबर आहे. तुम्ही नीट उभे राहा." गिऱ्हाईक नीट उभं राही आणि कोट खरोखरच बसे. काम चोख होतं, त्यात वाद नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी दोन मशीनं, भिंतीला इस्त्रीचं टेबल आणि मधली सगळी जमीन मोकळी. कापडाला कात्री लावण्याआधी मास्तर प्रत्येक मापाचा नमुना जुन्या वर्तमानपत्रावर आखून कापत, तोही जमिनीवर मांडी घालून. काजं, बटणं आणि हातशिलाई बायकोकडे. एकतीस वर्षं दोघं त्या खोलीत काम करत होती आणि त्यांचं बोलणं बहुतेक इंचांत चाले.

तिथे पिल्लू आली. नाव पिल्लू, पण वय सात वर्षं, वजन चार किलो, रंग तपकिरी. बायकोच्या थोरल्या बहिणीची ही कुत्री. ताईंचे गुडघे गेले, त्या लेकीकडे राहायला निघाल्या, आणि जावयाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत.

"सात वर्षांत माझ्या घरात हिने एकदाही घाण केली नाही," ताई पट्टा हातात देत म्हणाल्या. "घरात आहे हेसुद्धा कळणार नाही तुम्हाला."

तिसऱ्या दिवशी कळलं. अग्निशमन दलाच्या बँडचे चौदा कोट शिवायला आले होते. मास्तरांनी सगळ्यात अवघड माप आधी हाती घेतलं, मोठा ड्रम वाजवणाऱ्या गृहस्थांचं. पोट बावन्न इंच. त्यांच्या पाठीचा कागद जमिनीवर पसरून मास्तर खडू आणायला उठले. परत आले तेव्हा पिल्लू त्या पाठीच्या बरोबर मधोमध बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान होतं.

मास्तरांनी त्याच वर्तमानपत्राच्या उरलेल्या पानाची गुंडाळी केली, ती तिच्या नाकासमोर नाचवली आणि जमिनीवर दोनदा आपटली. पिल्लू मशीनखाली पळाली. "एकदा दटावलं की पुरे असतं," ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक बाही गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन कॉलर. मास्तर रोज गुंडाळी आपटत आणि फिनेलने फरशी पुसत. समोरच्या चष्मेवाल्याने सांगितलं, तिचं नाक त्यात घासा. तेही करून झालं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की पिल्लू त्यांच्यादेखत काही करेनाशी झाली. ती त्यांच्या उठण्याची वाट बघू लागली. सकाळी ते तिला बागेत नेत. ती तासभर झाडं हुंगे, मास्तरांकडे चोरून बघे आणि सगळं पोटात धरून घरी येई. दार लागलं, की पाचव्या मिनिटाला टेबलामागचा कागद ओला.

"मुद्दाम करते," मास्तर म्हणाले. "सूड घेतेय."

"चार किलोची आहे हो ती," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "सूड ठेवायला जागा कुठली?"

शेवटी बायकोच्याच आग्रहाने ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं. आजार काही नव्हता, आणि मास्तरांना त्यात आपला थोडा विजय झाल्यासारखं वाटलं.

"आधीच्या घरी ही कुठे जायची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हे आपल्याला माहीत नाही, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. गिऱ्हाइकाचा खांदासुद्धा दोनदा मोजणारा माणूस, पण इथे टेप न लावताच कात्री चालवली होती. बायकोने तिथूनच बहिणीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"कुठे म्हणजे? पेपरवर," ताई म्हणाल्या. "चौथा मजला, माझे हे गुडघे, मी काय दिवसातून सहादा खाली उतरणार? वाचून झाला की पेपर बाल्कनीत पसरायचा, ती बरोबर त्याच्यावर जायची. एक थेंब बाहेर नाही. सांगितलं होतं ना, घाण करत नाही म्हणून."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांना ते जड गेलं. "तुमची कुत्री फार शिस्तीची आहे," त्या म्हणाल्या. "सात वर्षं जे शिकवलं तेच करतेय. तुम्ही तिच्यापुढे दिवसभर संडास पसरून ठेवता आणि तिथे गेली की ओरडता. तेही पेपरच हातात घेऊन. तिने काय समजायचं?"

कुत्री बरोबर आहे, तुम्ही नीट उभे राहा, असं मास्तरांना कोणी पहिल्यांदाच सांगत होतं.

दुरुस्ती सहा आठवडे चालली. पहिल्यांदा कागद जमिनीवरून उठले. मास्तर इस्त्रीच्या टेबलावर उभ्याने नमुने आखू लागले आणि पाठ दुखते म्हणून रोज सांगू लागले. फिनेल बंद झालं. वास मुळापासून काढणारं औषध डॉक्टरांकडून आलं, कारण नाकाला जागा आठवली की पाय तिकडेच वळतात. पिल्लूचा पट्टा मास्तरांच्या कमरेला बांधला गेला, म्हणजे ती नजरेआड होणार नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि मध्ये दर दोन तासांनी तिला बाहेर न्यायचं, रोज दारासमोरच्या एकाच झाडाखाली, आणि तिथे तिनेच घरी ओला केलेला एक कागद अंथरायचा. दुसऱ्या दिवशी जमलं. मग मास्तरांनी कागद रोज दोन-दोन इंच कमी केला. हे त्यांच्या हातचं काम होतं. तीन आठवड्यांत तो रुमालाएवढा उरला, मग बसच्या तिकिटाएवढा, आणि एक दिवस नुसतं गवत.

अवघड गेलं ते कौतुक. काम झाल्या क्षणी खिशातून बिस्किटाचा खाऊ द्यायचा आणि शाबास म्हणायचं, दोन्ही तिथल्या तिथे, घरी आल्यावर नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मास्तरांनी आजवर कोणाला शाबासकी दिलेली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि पुटपुटले, "ठीक आहे." पिल्लूने कान हलवले नाहीत. आठवड्याभरात ते झाडाखाली वाकून "वा गं माझी बाई, काय केलंस, वा" असं म्हणू लागले आणि चष्मेवाला आपल्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहू लागला.

बायकोने ते खिडकीतून ऐकलं. "एकतीस वर्षं काजं करतेय," ती संध्याकाळी शांतपणे म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला तो शब्दच येत नाही."

मास्तरांनी कोट उचलला, काजावरून अंगठा फिरवला. दुसरा हात सवयीने खिशात गेला आणि ते म्हणाले, "काजं... सरळ आली आहेत."

"खिशातला हात बाहेर काढा आधी," बायको म्हणाली. "मला बिस्किट नकोय."

मधे एकदा घसरगुंडी झाली. सलग दोन दिवस पाऊस, पिल्लूने दारातून बाहेर बघितलं आणि परत फिरून कपाटामागे गेली. मास्तरांचा हात सवयीने गुंडाळी शोधू लागला. सापडली नाही. त्यांनी फरशी पुसली आणि छत्री घेऊन तिला झाडाखाली नेलं.

बँडचे कोट वेळेवर गेले. ड्रमवाल्यांचा कोट पोटावर किंचित सैल झाला आणि मास्तर चक्क म्हणाले, "द्या, अर्धा इंच आत घेतो."

पुढच्या महिन्यात ताई चार दिवस राहायला आल्या. सकाळी पेपर वाचून झाल्यावर त्यांनी तो प्रेमाने खुर्चीजवळ पसरला आणि पिल्लूला हाक मारली. पिल्लू आली, कागद हुंगला, त्याला वळसा घालून दाराशी जाऊन बसली.

"हिला काहीच आठवत नाही," ताई दुखावून म्हणाल्या. "सात वर्षं घालवली मी. तुम्ही दोन महिन्यांत पार बिघडवलीत तिला."

मास्तरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ते पट्टा घेऊन बाहेर पडले.