खालचं बटण मोकळं

हरिदासभाऊंचा राग आला की मी मशीन जोरात चालवते. हल्ली रोजच चालवते. माणूस चांगला आहे, तोच तर त्रास आहे. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

आमचं दुकान ग्लासगोत, किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा, भाड्यानं देण्याचं. मी मागच्या खोलीत बसून कंबर सैल कर, बाही आखूड कर, असलं काम करते. भाऊ पुढे गिऱ्हाइकांना कपडे चढवतात. दुकानात सगळ्या स्टाफनं किल्ट घालायचा असा मालकाचा नियम, त्यामुळे हा नागपूरचा साठीतला माणूस बावीस वर्षं गुडघे उघडे टाकून उभा आहे, भर जानेवारीतसुद्धा.

त्यांची बायको कांताबाई नर्स. तिच्या नोकरीमुळे हे कुटुंब इथं आलं, तेव्हा प्रणय चार वर्षांचा होता. भाऊंना शिवणकाम येत होतं, म्हणून या दुकानात लागले आणि पहिल्याच महिन्यात घोळ घातला. एका लग्नाच्या बारा जणांना कपडे घातले आणि बाराही जणांची बटणं, कोटाची काय, आतल्या वेस्टकोटची काय, वरपासून खालपर्यंत गच्च लावून पाठवलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची आई दुकानात येऊन ओरडून गेली.

त्यांचं तरी काय चुकलं? वडील नागपूर स्टेशनावर हमाल. घराबाहेर पडताना गळ्यापर्यंत बटणं लावल्याशिवाय पोरांना उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. आपल्या बापजाद्यांना कुणी अंगभर कपडा घालू दिला नाही, आता मिळालाय तर नीट घालायचा, असं म्हणायचे. भाऊ मला एकदा म्हणाले होते, उघडं ठेवणं ही पण रीत असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, ताई.

मग शिकले, आणि असे शिकले की मालकसुद्धा त्यांना विचारून सांगतो. किल्टवर वेस्टकोट घातला की वरचा कोट उघडा ठेवायचा. वेस्टकोटचं सगळ्यात खालचं बटण मोकळं सोडायचं, नाहीतर बसताना पोटावर चुण्या पडतात. वेस्टकोट नसेल तरच कोटाचं बटण लावायचं. वेस्टकोटखाली पट्टा नको. एवढंच असतं, पण इथल्या गोऱ्यांना ते येत नाही. आजोबा-पणजोबांचे कपडे म्हणून मिरवतील आणि पोत्यासारखे बांधून घेतील. मग दाराशी भाऊ पुढे होतात, एका हातानं कोटाचं बटण काढतात, दुसऱ्या हातानं वेस्टकोटचं. बँकेचे मॅनेजर, सर्जन, सगळे हात वर करून गुमान उभे राहतात.

तीन वर्षांपूर्वी कांताबाई गेली. त्यानंतर या माणसानं स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. प्रणयच्या लग्नात त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा. "कांता नाही, तर तिच्या वाटचंही मीच उभं राहणार," म्हणाले. डबा खाताना दहादा बोलून दाखवायचे.

प्रणय तिकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आयटीत. नवरी कर्स्टी, इथलीच, स्वभावानं गोड, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या पठ्ठ्यानं सासरी काय सांगितलं, तर वडील मेन्सवेअरमध्ये आहेत. मेन्सवेअर! मी विचारलं, किल्टच्या दुकानात आहेत म्हणायला जीभ झडते का रे? तर म्हणे मावशी, सिंपल ठेवतो. आणि लग्नाचे नऊ किल्ट मात्र आमच्याच दुकानातून, स्टाफ डिस्काउंटनं. मापं ईमेलनं पाठवली, म्हणजे कुणाला दुकानात यायला नको. लाज वाटते, डिस्काउंट चालतो. भाऊंनी नऊच्या नऊ ड्रेस स्वतः इस्त्री करून भरले, त्यांचा स्वतःचा वेगळा होताच.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो भाऊंना माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, प्लीज. उद्या माझा लग्न आहे. तिकडे शॉपवाला काम करू नका. फक्त माझे डॅड व्हा." भाऊ हसले आणि हो म्हणाले. मला तेव्हाच बोलायचं होतं. मूग गिळून बसले, मोठी चूक केली.

लग्न लॉक लोमंड तळ्याजवळच्या हॉटेलात. विधीच्या आधी फोटोग्राफरनं सगळ्या किल्टवाल्या पुरुषांना पायऱ्यांवर बोलावलं, नवरा मधोमध. कर्स्टीचे वडील आत तिच्यापाशी होते. भाऊ प्रणयच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले. इतके ताठ, इतके खुशीत, की लांबूनही नजरेत भरत होते.

प्रणयच्या उजवीकडे कर्स्टीचा काका. इनव्हरनेसहून त्याच सकाळी आलेला, भाऊंना कधी न पाहिलेला. त्यानं वेस्टकोट घालून वर कोटाचं बटण असं आवळलं होतं की ते आता तुटतं की मग. भाऊंनी एकदा पाहिलं, मान वळवली, दिलेला शब्द आठवला असणार. मग पुन्हा पाहिलं. फोटोग्राफरनं कॅमेरा वर केला आणि बावीस वर्षांचे हात आपोआप पुढे गेले. एका हातानं कोटाचं बटण, दुसऱ्या हातानं वेस्टकोटचं खालचं.

काका खूश. भाऊंच्या खांद्यावर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की दुकानानं माणूसही पाठवलाय, याला म्हणतात सर्व्हिस. मग त्यांच्याकडे वळून, अगदी अदबीनं, "थँक्यू. आता तुम्ही फोटोतून बाजूला झालात तरी चालेल."

प्रणय हातभर अंतरावर होता. एक वाक्य बोलायचं होतं, हे माझे वडील आहेत. मराठीत नको, इंग्रजीत तर फाडफाड बोलतो ना? त्यानं आधी काकाकडे पाहिलं, मग भाऊंकडे, मग बुटांकडे. बाकीचे हसले तसा तोही थोडा हसला.

भाऊ बाजूला झाले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी निघालेच होते पायऱ्यांकडे. भाऊंनी माझा हात धरला. फोटोग्राफरच्या मागे माझ्या शेजारी उभे राहिले, आणि तिथून त्यांना दिसलं की प्रणयचं स्वतःचंच खालचं बटण लावलेलं आहे. बोटानं खूण केली. प्रणयनं लगेच ते काढलं. गिऱ्हाईक काढतं तसं, मान खाली घालून. मग फोटो निघाला.

पुढे घरच्यांच्या फोटोत नवऱ्याचे वडील म्हणून भाऊंना रीतसर बोलावलं. तेव्हा त्या काकाचा चेहरा पांढरा पडला. बिचारा तीनदा माफी मागून गेला, त्यांच्यासाठी ड्रिंक घेऊन आला. प्रणय काही बोलला नाही. तेव्हा नाही, जेवताना नाही, हनिमूनहून फोन केला तेव्हाही नाही. मी चिडले की भाऊ उलट मलाच समजावतात, पोर घाबरलं होतं, त्याचा दिवस होता, चूक माझी, मी शब्द मोडला. तुमची चूक? मी म्हटलं, भाऊ, तुम्ही त्या माणसाचं बटण सोडलंत, तुमच्या पोरानं तुम्हाला सोडलं. त्यावर ते उठून पुढे काउंटरवर गेले.

महिन्याभरानं फोटोग्राफरनं तो पायऱ्यांवरचा फोटो दुकानाला पाठवला. मालक तर फिदाच झाला. आठ माणसं, आठही कोट उघडे, आठही खालची बटणं मोकळी, एक चुणी नाही. मोठा करून काचेत लावू म्हणाला, गिऱ्हाइकांना दाखवायला बरा. पायऱ्यांवर काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं भाऊ नको म्हणतील. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून लावला, लांब जाऊन सरळ आहे का ते पाहिलं.

गेल्या शनिवारी एक नवरदेव आईला घेऊन आला. भाऊंनी त्याला त्या फोटोपुढे उभं केलं, बटणं कशी ठेवायची ते दाखवलं. आईनं मधल्या मुलावर बोट ठेवून विचारलं, किती देखणा आहे, कोण हा? मागच्या खोलीत माझी मशीन थांबली.

"आमचं एक गिऱ्हाईक," भाऊ म्हणाले. "नाव आता लक्षात नाही."